वळिवडे ते गांधीनगर : एका उपनगराची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांची वही उघडून पाहण्याचा मंगल प्रसंग. त्या वहीत देणग्या असतात, बांधकामाचा खर्च असतो, पाठशाळा, पांजरपोळ, वैद्यकीय मदत यांची खाती असतात. परंतु ज्या परिसराने समाजाला उभे राहण्यास जागा दिली, व्यापारास गिऱ्हाईक दिले आणि अडचणीच्या वेळी शेजार दिला, त्याचे खाते कोणत्याच वहीत नसते. म्हणूनच या मंगल वर्षी कोल्हापूरच्या पूर्वेकडील एका उपनगराचा इतिहास समजून घेणे उचित ठरेल. करवीर तालुक्यातील वळिवडे या लहानशा गावाच्या माळावर वसलेले, कापडाच्या ठोक पेठेमुळे दक्षिण महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकात सर्वश्रुत झालेले हे उपनगर म्हणजे गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी येथे येणाऱ्या हजारो कुटुंबांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, या गल्ल्यांच्या जागी एकेकाळी युरोपातील पोलंड देशाचे एक छोटे गाव नांदत होते.

माळ, रेल्वे आणि पेठ

वळिवड्याचे भाग्य उघडले ते रेल्वेने. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. याच मार्गावर हातकणंगल्यास उतरून यात्रेकरू श्री क्षेत्र बाहुबलीस जातात, आणि याच मार्गावर कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे स्थानक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रेल्वेचा उपयोग जाणून १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर पोहोचू लागला. १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. शेजारच्या इचलकरंजीत तेथील अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. अशा रीतीने एका बाजूस कोल्हापूरची पेठ, दुसऱ्या बाजूस इचलकरंजीचे माग आणि मधून जाणारी रेल्वे, अशी या परिसराची घडण झाली.

याच काळात शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. १९०१ मध्ये सुरू झालेले दिगंबर जैन बोर्डिंग हे त्यांतील आरंभीचे. महाराजांचे चरित्र लिहिणारे आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांचा या कार्याशी निकटचा संबंध होता. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे विद्यार्थिजीवनही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये गेले. करवीर, हातकणंगले व शिरोळ या भागांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा जैन समाज आणि शहराच्या पेठांत व्यापारासाठी आलेला गुजराती-मारवाडी जैन समाज, हे दोन्ही प्रवाह या भूमीत एकत्र आले. बाहेरून आलेल्यास सामावून घेणे हा या मातीचा गुण तेव्हापासून दिसून येतो. त्याची खरी कसोटी मात्र १९४३ मध्ये लागली.

दूरदेशीचे पाहुणे

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाचे सैन्य पूर्वेकडून शिरले. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० व १९४१ मध्ये घरादारांतून उचलून मालगाड्यांतून सैबेरिया आणि मध्य आशियात नेण्यात आले. लाकूडतोड, खाणी व सामुदायिक शेते यांवर राबताना असंख्य माणसे भूक, थंडी व रोगराईने दगावली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. लंडनस्थित पोलिश सरकार व रशिया यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला आणि या बंदींची सुटका होऊ लागली. त्यांपैकी एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात गेले. स्त्रिया, वृद्ध आणि मुलांचे काय, हा प्रश्न उरला.

या प्रश्नाला हिंदुस्थानाने उत्तर दिले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. त्यानंतर मोठ्या संख्येने येणाऱ्या कुटुंबांसाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याचा माळ निवडण्यात आला. रेल्वे जवळ, पंचगंगेचे पाणी हाताशी, हवा समशीतोष्ण आणि युद्धभूमीपासून दूर, असे हे स्थान होते. १९४३ मध्ये छावणी सुरू झाली आणि कालांतराने तेथील वस्ती सुमारे पाच हजारांवर गेली. जागा कोल्हापूर संस्थानातील, उभारणी तत्कालीन हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारचा, अशी एकंदर व्यवस्था होती. श्रेय देताना हा तपशील नीट सांगितला पाहिजे, कारण बालाचडीची आणि वळिवड्याची कथा अनेकदा एकच समजली जाते.

ते वर्ष कोणते होते, हेही ध्यानात घ्यावे. १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. देशात धान्याची टंचाई होती. कापड इतके महाग व दुर्मिळ झाले होते की, सरकारला त्याच वर्षी सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला. आपल्याच घरी ओढाताण असताना पाच हजार परक्या माणसांसाठी जागा निघाली. त्या पाहुण्यांची भाषा, धर्म, वर्ण, आहार यांपैकी काहीही येथल्या लोकांच्या ओळखीचे नव्हते.

छावणीतील समाजजीवन

छावणीतील घरे म्हणजे लांबच लांब बराकी. कौलारू छप्पर, चटयांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबास दोन लहान खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे व्हरांडा. एवढ्याशा जागेत या लोकांनी आपले गाव उभे केले. बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंत शाळा निघाल्या. रुग्णालय, चर्च, नाट्यगृह, चित्रपटगृह, सहकारी भांडार, अग्निशामक दल यांची व्यवस्था झाली. मुलामुलींची स्काउट पथके पन्हाळ्यापर्यंत सहलीस जात. क्षयाने पीडित असलेल्यांसाठी पाचगणी येथे आरोग्य केंद्र होते. ज्यांचे शिक्षण सैबेरियात खंडित झाले होते, ती मुले वळिवड्यात पुन्हा पाटी-पुस्तक घेऊन बसली. निर्वासितांनी सर्वप्रथम शाळा उभारावी, ही गोष्ट विद्यादानाला मोठे दान मानणाऱ्या समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आसपासच्या गावांशीही त्यांचा व्यवहार जुळला. भाजी, दूध, अंडी, सरपण घेऊन येणारे शेतकरी, टांगेवाले, शिंपी, दुकानदार यांच्याशी बोलताना पोलिश गृहिणी मराठीतील आकडे शिकल्या आणि भाजीवालेही मोडकीतोडकी पोलिश बोलू लागले. एका पोलिश युवतीने कोल्हापूरच्या तरुणाशी विवाह करून हेच शहर कायमचे आपले मानले. जे येथेच निवर्तले, ते कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावले आहेत.

१९४५ मध्ये युद्ध संपले. परंतु आनंदाची वार्ता या माणसांसाठी दुःख घेऊन आली. पूर्व पोलंडचा त्यांचा प्रदेश रशियाकडे गेला आणि लंडनमधील त्यांच्या सरकारची मान्यता ब्रिटन व अमेरिकेने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. देश विजयी पक्षात होता, पण घर परदेशात गेले होते. काहीजण पोलंडला परतले. बहुसंख्यांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांची वाट धरली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

पाहुणे गेले, बांधव आले

या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. १९४७ च्या फाळणीने सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. पंजाब व बंगालची विभागणी झाली, त्यामुळे तेथील निर्वासितांना निदान अर्धा प्रांत तरी आपला म्हणता आला. सिंधी हिंदूंच्या वाट्याला मात्र स्वतःच्या प्रांताचा वीतभर तुकडाही आला नाही. कराचीहून बोटीने मुंबईस उतरलेल्या कुटुंबांची कल्याण, पिंपरी, देवळाली, चेंबूर अशा ठिकाणच्या छावण्यांत सोय करण्यात आली. कल्याणच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. त्याच प्रवाहातील काही कुटुंबे वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत आली आणि वसाहतीला राष्ट्रपित्याच्या नावावरून गांधीनगर हे नाव मिळाले.

जैन समाजाला सिंध अगदीच परका नाही. थरपारकर भागात नगरपारकरच्या परिसरात आजही प्राचीन जिनमंदिरे उभी आहेत, पण तेथे पूजा करणारा श्रावक उरलेला नाही. ज्या फाळणीने सिंधी माणसाचे घर गेले, त्याच फाळणीने ती मंदिरेही भाविकांपासून दुरावली. म्हणून गांधीनगरच्या वृद्ध माणसाच्या डोळ्यांत गावाच्या आठवणीने पाणी येते, तेव्हा त्याचा अर्थ समजण्यास भाषांतराची गरज पडत नाही.

कापडपेठेची घडण

शेती नाही, नोकरीची ओळख नाही, प्रांतीय भाषा येत नाही, अशा माणसापुढे एकच मार्ग असतो, तो म्हणजे व्यापार. देशभर सिंधी निर्वासितांनी जी रीत अवलंबिली तीच येथेही कामी आली. डोक्यावर गाठोडे, हातात गज, पायांना विश्रांती नाही. नफा कमी घ्यावा, माल लवकर विकावा, आलेल्या पैशांतून पुन्हा माल भरावा. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात ज्याला भांडवलाची जलद उलाढाल म्हणतात, ती या लोकांनी पुस्तक न वाचता आचरणात आणली. शंभर रुपयांचे भांडवल वर्षातून दोनदा फिरले तर दहा टक्के नफ्यावरही हाती वीसच रुपये येतात. तेच भांडवल महिन्यातून एकदा फिरले तर तीन टक्के नफ्यावर छत्तीस रुपये होतात. स्वस्त विकूनही अधिक कमावण्याचे हे साधे गणित गांधीनगरच्या पेठेचा पाया आहे.

दुसरा पाया पतीचा. कापडाचा धंदा रोखीपेक्षा उधारीवर अधिक चालतो. गिरणी किंवा मागवाला ठोक व्यापाऱ्यास मुदत देतो, ठोक व्यापारी किरकोळ दुकानदारास देतो आणि किरकोळ दुकानदार सुगी येईपर्यंत शेतकऱ्यास सांभाळून घेतो. या साखळीतील एक कडी तुटली तरी सर्वांचे नुकसान होते. ज्याच्याकडे तारण ठेवण्यास घर नाही, दागिना नाही, त्याला पहिला ताका उधार मिळतो तो केवळ शब्दावर, आणि दुसरा ताका मिळतो पहिल्याचे पैसे वायद्यास पोहोचल्यावर. बिनभांडवली माणसांची अख्खी वसाहत दोन पिढ्यांत ठोक पेठ बनते, याचा अर्थ तेथे दिलेले वायदे पाळले गेले. जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनीही हाच नियम शिरोधार्य मानला आहे. अचौर्य व्रत आणि बाजारातील पत या दोन निराळ्या गोष्टी नाहीत.

तिसरा पाया स्थानाचा. इचलकरंजीचे कापड शेजारी होते. सुरतेच्या साड्या, भिलवाड्याचे सुटिंग, तिरुपूरचे होजिअरी, लुधियानाचे लोकरी कपडे हे सारे रेल्वे व महामार्गाने येऊ लागले. पुणे-बंगळूर महामार्गावरील तावडे हॉटेलच्या चौकातून गांधीनगरचा रस्ता फुटतो. त्यामुळे कोकणातील, सीमाभागातील वा गोव्यातील लहान दुकानदार सकाळी निघून, माल भरून, रात्री घरी परतू शकतो. पुढे किरकोळ गिऱ्हाईकही येऊ लागले. वऱ्हाडातील मानपानाच्या साड्या, पातळे, शर्टपीस, टॉवेल-टोपी आणि नवरा-नवरीचे कपडे एकाच फेरीत मिळत असल्याने गांधीनगरचा बस्ता ही लग्नघरची रीतच झाली.

शेजारधर्म

पेठ वाढली तसे समाजजीवनही वाढले. चेटीचंडला झुलेलाल भगवंतांची मिरवणूक निघते, तो सिंधी नववर्षाचा दिवस गुढीपाडव्याच्या जवळपासच येतो. दिवाळीतील लक्ष्मीपूजन आणि चोपडापूजन तर व्यापारी मात्राचेच. सिंधी भाषेचा समावेश १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही, तिला मिळालेला हा सन्मान मोठाच. तथापि नव्या पिढीची मुले दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी आणि मित्रांत हिंदी बोलतात, सिंधी मात्र आजी-आजोबांपुरती उरत चालली आहे. घरातील मातृभाषा टिकविण्याचा हा प्रश्न कोल्हापुरात स्थायिक झालेल्या गुजराती व मारवाडी कुटुंबांपुढेही तितकाच उभा आहे.

बदलता काळ

गेल्या काही वर्षांत या पेठेने एकामागून एक आघात सोसले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. कापडावर १९५७ च्या कायद्यापासून विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्काची व्यवस्था होती आणि २००५ चा व्हॅटही कापडास लागू नव्हता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि कापड दुकानदारास प्रथमच पाच टक्के कराचा हिशेब ठेवावा लागला. पोथीसारख्या लाल वहीवर आयुष्य काढलेल्या ज्येष्ठांना संगणकाकडे वळणे सोपे नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि पेठेचे गिऱ्हाईक तुटले. मधल्या काळात, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागू झाली आणि लग्नसराईचा सारा हंगाम बंद दरवाजांआड गेला. आता मोबाईलवर मागविलेली साडी दारात येऊन पडते. चार-चार तास बसून, ताके उलगडून, चहा घेऊन बांधलेला बस्ता पुढील पिढीस माहीत असेल किंवा कसे, अशी चिंता जाणत्यांना वाटते.

या चिंतेला उत्तर शोधायचे तर गांधीनगरच्या इतिहासातच शोधावे लागेल. ज्यांनी सर्वस्व गमावून गाठोड्यापासून आरंभ केला, त्यांचे वारस साधन बदलले म्हणून हतबल होण्याचे कारण नाही. मात्र पत हे भांडवल संगणकावर विकत मिळत नाही. ते शब्द पाळूनच कमवावे लागते.

स्मरणाचे कर्तव्य

पोलिश बांधव कोल्हापूरला विसरले नाहीत. जगभर विखुरलेल्या वळिवडेकरांनी लंडनमध्ये आपली संघटना स्थापन केली, आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला आणि गेल्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात कृतज्ञतेचा स्मृतिस्तंभ उभारला. तो स्तंभ ज्या उद्यानात उभा आहे, त्याचे नाव महावीर उद्यान. अहिंसेचा आणि जीवमात्राविषयीच्या अनुकंपेचा उपदेश करणाऱ्या भगवंतांच्या नावाच्या बागेत निर्वासितांचे आभार कोरले जावेत, हा योगायोग भाग्याचा म्हणावा लागेल. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले. त्यापूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा लहानपणी या छावणीत वाढलेली, आता ऐंशी-नव्वदीत पोहोचलेली माणसे काठी टेकीत आपल्या बालपणाची जागा पाहण्यास आली होती.

पाच वर्षे राहून गेलेल्या माणसांनी आपल्या आठवणींचा ग्रंथ केला. जे येथेच राहिले त्यांचे काय? जुन्या बराकी एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी काँक्रीटच्या इमारती उठत आहेत. व्यापार वाढायचा तर हे होणारच, त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही. पण कराचीची बोट आठवणारा सिंधी वृद्ध, पोलिश बाईंना भाजी विकणारी वळिवड्याची आजी, पहिल्या दुकानास उधार माल देणाऱ्या पेढीच्या जुन्या वह्या, या साऱ्या गोष्टींना फार वर्षे उरलेली नाहीत. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. एक माणूस गेला की, त्याच्यासोबत एक अख्खा अध्याय जातो आणि तो पुन्हा कोणत्याही किमतीस मिळत नाही.

या दृष्टीने सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एक लहानसा संकल्प करावा, अशी नम्र सूचना आहे. युवक मंडळाच्या तरुण-तरुणींनी परिसरातील ज्येष्ठांकडे, मग ते जैन असोत, सिंधी असोत वा वळिवड्याचे मूळ रहिवासी असोत, दर रविवारी एक तास जाऊन बसावे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि जुनी छायाचित्रे, पत्रे, वह्या यांच्या प्रती करून ठेवाव्यात. यास मोठा निधी लागत नाही, लागते ती चिकाटी. जिनवाणीच्या हस्तलिखितांची भांडारे शेकडो वर्षे डोळ्यांत तेल घालून सांभाळणाऱ्या समाजाला जतनाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. तोच संस्कार आता शेजाऱ्यांच्या स्मृतींसाठी वापरावयाचा आहे.

साधर्मिक भक्ती हे श्रावकाचे भूषण आहे. आपल्या माणसास मदत करणे हे कर्तव्यच. परंतु अनुकंपादानात पात्र-अपात्र, आपला-परका असा विचार नसतो, समोरच्याचे दुःख एवढेच कारण पुरेसे असते. १९४३ च्या टंचाईत वळिवड्याच्या माळाने आणि १९४८ च्या धामधुमीत त्याच माळावरील बराकींनी हेच दान दिले. त्या दानातून एक पेठ उभी राहिली आणि त्या पेठेच्या आधाराने कोल्हापुरापासून गोव्यापर्यंतच्या शेकडो दुकानांची चूल पेटली. अशा परिसराचे ऋण फेडणे शक्य नसले तरी ते वहीत नोंदवून ठेवणे शक्य आहे, आणि ती नोंद याच वर्षी व्हावी.